प्रतिसाद: तरुणांची उपासना वेगळी नको

ताई, आपल्या चर्चमध्ये तरुणांसाठी संध्याकाळची वेगळी उपासना काढा असं तुम्ही सुचवलंय. मी नको म्हणेन. कोल्हापुरात ख्रिस्ती मिशनचं काम १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्यापासून सुरू झालं, म्हणजे एकाच बाकावर चार पिढ्या बसणं इथं नवं नाही. वेगळी उपासना काढली की दोन वर्षांत एका चर्चच्या दोन मंडळ्या होतात आणि पाळकसाहेब मधे लटकतात.

खरा गोंधळ गाण्यात होतो. जुनी भजनं बरीचशी दादऱ्यात, सहा मात्रांची. पोरं कीबोर्डवर तयार आठ मात्रांचा ठेका लावतात, मग आजीबाईंची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते आणि त्या गप्प होतात. ठेका बंद ठेवा. ढोलकी पोराकडे, पेटी जाणत्याकडे, आणि सराव बुधवारी एकत्र, पाऊण तासच. सूर काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास धरा. काळी चारला साठीपुढचे पुरुष पोचत नाहीत. पडद्यावर एका वेळी चारच ओळी, मोठ्या अक्षरात.

घरच्या प्रार्थनेला आठ-दहा जण पुरे, त्यात निदान दोन शाळकरी पोरं हवीत. वाचन त्यांच्याकडे द्या. खुर्च्या गोल मांडा आणि पंखा बारीक करा, नाहीतर कमी ऐकू येणारे नुसती मान डोलावतात. जुलै-ऑगस्टच्या पावसात रात्रीची वेळ ठेवूच नका.

आणि हो, खुर्च्या उचलायला तरुण आणि ठराव करायला वडीलधारे, हे चालू राहिलं तर पोरं येणारच नाहीत. नाताळच्या खर्चाची वही एखाद्या पंचविशीतल्या मुलीकडे देऊन बघा.