प्रॉमिस्ड लँड (पेनसिल्व्हेनियातलं स्टेट पार्क) ट्रिप: केबिन, टेंट आणि लाकडं

प्राची: सुहासदादाची यादी आत्ता पाहिली. केबिन परत त्याच तीन घरांना आणि लहान मुलं असलेले आम्ही पिकरल पॉइंटला टेंटमध्ये? मागच्या वेळी पावसात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. राग नाही, पण आधी विचारायला हवं होतं.

सुहासदादा: बेअर वॉलोला केबिन मुळात १२ च आहेत गं. मिळाल्या तेवढ्या घेतल्या. आत्या-अण्णांना जमिनीवर झोपवू का?

प्राची: त्यांच्याबद्दल मी एक शब्द तरी बोलले का? तिसरी केबिन कोणाची, तेवढं सांग.

केतन: जळाऊ लाकडं घरून कोणीही आणू नका. पार्कच्या जवळपास मिळतात तीच विकत घ्या.

नंदूकाका: तिसरी माझ्या घोरण्याची. मी टेंटमध्ये झोपलो तर अस्वलं रेंजरकडे तक्रार करतील 😄

वैशाली वहिनी: काका, अस्वलं खरंच आहेत तिकडे. टेंटमध्ये खायचं काहीही ठेवायचं नाही. चकलीचा डबा नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. रात्री कूलर गाडीत, काचा बंद. मुलांच्या खिशातली बिस्किटं पण काढा.

आत्या: अगं बाई! मग पोरांना टेंटात कशाला? माझ्याकडे झोपवा सगळ्यांना.

सुहासदादा: आत्या, एका केबिनमध्ये किती माणसं याला मर्यादा असते.

प्राची: बघा. नियम आमच्याच वेळी आठवतात.

केतन: पुन्हा टाकतो. लाकडं घरून आणू नका.

सुहासदादा: वाचलं रे बाबा. मागच्या अंगणातलं वाळलेलं अ‍ॅशचं झाड मी स्वतः कापलंय. गाडीभर लाकूड पडलंय, विकत कशाला घ्यायचं?

केतन: दादा, अ‍ॅश आहे म्हणूनच जीव तोडून सांगतोय. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेला, अ‍ॅशची झाडं मारणारा तो हिरवा भुंगेरा अशाच लाकडांतून गावोगाव गेला. अळ्या सालीखाली असतात, बाहेरून दिसत नाहीत. तुझं झाड कशाने वाळलं? सालीवर डी अक्षरासारखी बारीक भोकं आहेत का बघ.

वैशाली वहिनी: 📷 टॉर्च घेऊन पाहून आले. आहेत. साल उचकटली तर खाली नागमोडी रेघाच रेघा.

सुहासदादा: ठीक आहे, नाही आणत. पण हे नीट कारणासकट एकदा सांगता आलं असतं.

केतन: मागच्या रविवारी कारणासकटच लिहिलं होतं. त्यावर कोणीतरी मिसळीचा फोटो टाकला.

नंदूकाका: मिसळ चांगली होती.

अण्णा: १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेकार पोरांना कामाला लावून या केबिन बांधून घेतल्या. त्यांच्यावरचं छोटं म्युझियम पार्कातच आहे. मला ते नक्की पाहायचं आहे, कोणीतरी सोबत या.

वैशाली वहिनी: मी येते अण्णा. बाकीच्यांनी ऐका, केबिनमध्ये चादरी, उशा, भांडी काही नसतं. फ्रिज आणि शेगडी आहे. कढई मी आणते, चहाचं पातेलं कोण?

आत्या: आलं आणि गवती चहा माझ्याकडे.

वैशाली वहिनी: आणि गोचीड! मुलांना रोज संध्याकाळी गुडघ्यांमागे, काखेत, केसांत तपासा. पिल्लं खसखशीएवढी असतात आणि लाइम हा आजार त्यांच्यामुळेच जास्त होतो. दोन्हीकडे, केबिन असो की टेंट.

नंदूकाका: प्राची, चेष्टा बाजूला. केबिन तू घे, मी टेंटमध्ये झोपतो. मला तळ्याकाठी पहाटे गळ टाकून बसायचंच आहे.

केतन: काका, १६ आणि त्यापुढच्या वयाच्यांना मासेमारीचं लायसन्स लागतं. कयाक उतरवायलाही परमिट लागतं.

नंदूकाका: काढतो रे.

प्राची: काका, तुमच्या पाठीचं काय? पण घेते, मुलांसाठी. थँक्यू. सुहासदादा, नवी यादी टाक. आणि पुढच्या वर्षी बुकिंग करायच्या आधी ग्रुपवर विचार.

सुहासदादा: पुढच्या वर्षी बुकिंग तूच कर. यादी सकाळी टाकतो.