‘फॉस्टर होम’ला मराठीत काय म्हणायचं?

पाणकणीस: फॉस्टर होममध्ये, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, राहणाऱ्या १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. ‘तुला ज्या कुटुंबात ठेवलं आहे’ असं लिहिलं होतं. एका पंधरा वर्षांच्या मुलीने ‘ठेवलं’वर पेनाचं टोपण टेकवलं. म्हणाली, “ताई, हा शब्द काढा. ठेवलेली कुणाला म्हणतात माहितीये ना?” काय लिहू?

मोडीवाचक: प्रतिपालक कुटुंब. स्वच्छ शब्द आहे.

आंबोळी: प्रतिपालन राजा प्रजेचं करतो. ‘संगोपन’ घ्या. सरकारच्या बालसंगोपन योजनेमुळे गावात “संगोपनचे २२५० आले का?” असंच विचारतात.

मोडीवाचक: ते पैसे बहुतेक एकटी आई, आजी, मामा यांच्याकडे राहणाऱ्या मुलांचे. परक्या घरी राहणं वेगळं. शिवाय गोपन म्हणजे लपवणं.

आंबोळी: ‘गुप्’ म्हणजे आधी राखणं! गोप कोण मग?

मांडवी: आमच्या गोव्यात घरी पोसलेल्या परक्या मुलाला ‘पोसकें’ म्हणतात. आजोळी शेजारी एक होती. पन्नाशी उलटली तरी पोसकेंच, आणि पान स्वयंपाकघरात. पोसणं चांगलंच, पण त्याचं नाव माणसाला चिकटलं की ते उपकार जन्मभर फेडत बसायचे. मुलाला चिकटेल असा शब्द नको.

कडूनिंब: यशोदाघर?

पाणकणीस: कृष्ण आपल्या पोटचा नाही हे यशोदेला ठाऊकच नव्हतं. इथे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांनी त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं, पूर्वी पाच लागायची. तोवर फ्रिज न विचारता उघडायचा की नाही, इथपासून प्रश्न.

कडूनिंब: मग सरळ ‘फॉस्टर होम’ लिहा. मुलांना कळतं.

मोडीवाचक: ‘दत्तक’ही संस्कृतच, तो कसा खेड्यापाड्यांत रुळला? वापरला म्हणून.

मांडवी: त्यामागे आडनाव आणि जमीन होती म्हणून रुळला.

पाणकणीस: त्या मुलीलाच विचारलं, तू काय सांगतेस? म्हणाली, “मैत्रिणींना सांगते, मी काकूंकडे असते.” मजकुरात आता ‘तू ज्यांच्याकडे असतेस’ केलंय. शीर्षक मात्र अडलंय.

मोडीवाचक: ‘राहतेस’ व्याकरणाला बरं.

मांडवी: भाडेकरूही राहतो. ‘असते’ तिचा शब्द आहे, हलवू नका.

आंबोळी: आणि अठरा पूर्ण झाल्यावर ज्या ‘अनुरक्षण गृहा’त पाठवतात, त्याचं काय? रेल्वेच्या पाट्यांवर अनुरक्षण म्हणजे डागडुजी. तो शब्द मुलांसाठी कुणी निवडला?