सिन्याकच्या सुवर्णयुगात धुणं कोण धुणार?

निवांतपणाची_शत्रू:
पॅरिसला खेटून असलेल्या मॉन्त्रय गावच्या नगरपालिकेत पॉल सिन्याक या फ्रेंच चित्रकाराचं 'सुसंवादाच्या काळी' (१८९३-९५) हे चित्र आहे. सिन्याक अराजकवादी, म्हणजे सरकार, मालक अशी कोणाचीच सत्ता नको मानणारा. जवळपास तीन मीटर उंच, चार मीटर रुंद. भूमध्य समुद्राचा किनारा, झाडांची सावली. कोणी फळं तोडतंय, कोणी पुस्तकात डोकं घालून बसलंय, कोणी गोळे फेकण्याचा खेळ खेळतंय, मागे फेर धरून नाच चाललाय. पुढ्यातले कोंबडा-कोंबडीसुद्धा खाऊनपिऊन सुखी दिसतात. चित्राला जोडलेलं वाक्य असं: 'सुवर्णयुग भूतकाळात नाही, ते भविष्यात आहे.'

सगळं चित्र शुद्ध रंगाचे छोटे ठिपके शेजारी-शेजारी ठेवून रंगवलेलं. रंग अप्रतिम, वाद नाही. पण या सुखावर माझा विश्वास बसत नाही. जरा मागे नजर टाका, कपडे वाळत घालायला बाईच आहे. सरकार गेलं, मालक गेला, धुणं तिथंच राहिलं! सिन्याकला म्हणे क्रांती रंगवायची होती. मला तर खात्यापित्या घरच्या माणसाची सुट्टी दिसते.

ठिपकेबहाद्दर:
सपशेल असहमत. सुट्टी म्हणताय, पण हे चित्र कोणत्या दिवसांत रंगवलं गेलं ते बघा. डिसेंबर १८९३ पासून फ्रान्समध्ये अराजकवाद्यांविरुद्ध कडक कायदे आले. जून १८९४ मध्ये ल्यों शहरात राष्ट्राध्यक्ष कार्नो यांचा खून झाला. सिन्याकचा चित्रकार मित्र मॅक्सिमिलियन लूस तुरुंगात गेला. समीक्षक फेलिक्स फेनेऑंवर खटला भरला, तो सुटला हे नशीब. अशा दिवसांत हा गृहस्थ सँ-त्रोपेला बसून पोलीस, मालक, पुजारी यांपैकी कोणीच नसलेलं जग रंगवतो, ते काय वेळ जात नाही म्हणून?

आणि काम दिसत नाही कसं? मागच्या शेतात यंत्रं आहेत. यंत्रानं काम हलकं केलं म्हणून पुढची माणसं मोकळी आहेत, हाच तर मुद्दा. रशियन अराजकवादी विचारवंत क्रपॉटकिननं १८९२च्या 'भाकरीचा विजय'मध्ये हेच मांडलं होतं: सगळ्यांनी दिवसाला चार-पाच तास काम करावं, उरलेला वेळ ज्याचा त्याचा.

निवांतपणाची_शत्रू:
क्रपॉटकिन काढलात ते बरं केलंत. त्याच पुस्तकात घरकामावरही लिहिलंय. भांडी घासणं, धुणं ही कामं यंत्रांवर सोपवा, बाईला घरच्या गुलामीत ठेवणारी क्रांती ही क्रांतीच नव्हे, असं तो बजावतो. मग सिन्याकला शेतातलं यंत्र सुचलं आणि धुण्याचं सुचलं नाही? त्या काळी असंच होतं म्हणून सोडून देता येत नाही, त्याच काळातला माणूस उलटं सांगत होता.

वाचनमात्र:
ताई, धुण्याच्या मुद्द्यावर तुम्हाला +१. पण माझी तक्रार वेगळी आहे. चित्राचं आधीचं नाव 'अराजकाच्या काळी' होतं. धरपकड सुरू झाल्यावर 'सुसंवाद' झालं. नाव बदलून चित्र तेच राहत असेल, तर त्यात बंडखोर असं होतं तरी काय? १८४३ मध्ये दोमिनिक पापेती या चित्रकारानं समाजवादी विचारवंत फूरियेच्या विचारांवरून 'सुखाचं स्वप्न' रंगवलं. त्यातही सावली आणि निवांत बसलेली सुंदर माणसं. पन्नास वर्षांत सुख रंगवण्याची तऱ्हा हललीच नाही म्हणायची.

ठिपकेबहाद्दर:
नाव बदललं नसतं तर भिंत कोणी दिली असती? तरी मिळाली नाहीच. ब्रसेल्समध्ये वास्तुविशारद व्हिक्टर ओर्ता कामगारांसाठी 'लोकगृह' बांधत होता, तिथं हे लावायचं सिन्याकच्या मनात होतं. ते फिसकटलं. चित्रकार १९३५ मध्ये गेला आणि १९३८ मध्ये त्याच्या पत्नीनं, बेर्तनं, ते मॉन्त्रयला दिलं. दिवाणखान्यासाठी काढलेलं चित्र नाही हे. राहिला पापेती. त्याचे लोक प्राचीन ग्रीसमधून उचलल्यासारखे वाटतात. सिन्याकच्या चित्रातला माणूस बाह्या सरसावलेला, त्याच्याच काळातला आहे. फरक तिथं आहे.

ठिपक्यांचंही तेच. शेजारचा रंग न मिसळता आपापल्या जागी राहतो आणि तरी चित्र एक होतं. कोणाचीही सत्ता नसलेला समाज याहून स्पष्ट कसा रंगवायचा?

वाचनमात्र:
ठिपक्यांत राजकारण शोधणं मला नाही पटत. ठिपके आपणहून जागेवर बसत नाहीत राव, एक माणूस हुकमानं बसवतो.

निवांतपणाची_शत्रू:
हे मात्र भारी!

आणि पुढचं सांगते. १९०४ मध्ये चित्रकार मातीस सँ-त्रोपेला सिन्याकजवळ राहायला आला आणि त्यातून त्याचं किनाऱ्यावरच्या विवस्त्र बायकांचं ठिपक्यांचं चित्र झालं. अंथरलेल्या कापडावर चहाचे कप आहेत. शेत नाही, यंत्र नाही, धुणंही नाही. हे चित्र विकत कोणी घेतलं? खुद्द सिन्याकनं. दहाएक वर्षांत सुवर्णयुगाची सहल झाली, आणि त्यानं ती आवडीनं घरी नेली.

ठिपकेबहाद्दर:
मित्राचं चित्र विकत घेणं म्हणजे स्वतःचं मत सोडणं नव्हे. मातीसच्या चहाचा हिशोब सिन्याकच्या खात्यावर कशाला?