कपडे बदलल्याने माणूस स्वतःला सापडतो का?

रानजाई:
सव्वीस वर्षं शाळेत शिकवताना रोज सहावारी नेसले. नियम नव्हता, पण स्टाफरूममध्ये दुसरं काही घालणारी एकही बाई नव्हती. निवृत्तीनंतर मुलीने आणलेला कुर्ता घातला आणि बाजारात चालताना जाणवलं, पदर सावरण्यात माझा डावा हात इतकी वर्षं अडकलेला होता. त्याच महिन्यात सायकल शिकले. काय घालायचं हे स्वतः ठरवलं की आपल्याबद्दलचे जुने समज गळून पडतात, असं माझं मत आहे.

देवगडी:
असहमत. ताई, तुम्हाला मोकळं केलं ते निवृत्तीने. कपड्यातून आत्मशोध ही दुकानदारांची भाषा. माझे आजोबा दोन धोतरं आणि एका बंडीवर जगले, पण आपण कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

निळीशाई:
देवगडी, तुमच्या आजोबांना धोतर कुठवर नेसायचं हे गावाने ठरवून दिलं नव्हतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं, अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी लुगडं नेसण्याची पद्धत सोडा, अंगावरचे ते जड दागिने सोडा. लुगड्यावरून जात कळत होती. ते खाली घोट्यापर्यंत आणणं म्हणजे गावाने लावलेली खूण स्वतःच्या हाताने पुसणं. बाबासाहेबांच्या सुटाकडेही मी तसंच पाहते.

देवगडी:
महाडचं पूर्ण मान्य. पण तिथे आधी विचार होता, लुगडं नंतर. गांधीजींनी मदुराईत पंचा स्वीकारला, तोही गरिबी पाहून. आधी आतला बदल, मग कपडा.

रानजाई:
गांधीजींचंच घ्या. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी पंचा निदान ३१ ऑक्टोबरपर्यंत वापरायचं जाहीर केलं होतं, तो आयुष्यभर राहिला. अंगावर घेतल्यावरही काहीतरी उमगत गेलं असणारच. माझा कुर्ता तर विचार न करताच अंगावर आला, विचार मागून आला.

काष्टा:
या चर्चेत साडीवर अन्याय होतोय. हात अडकतो तो पदर मोकळा सोडल्यावर. माझी आजी नऊवारीचा काष्टा घालून, पदर कमरेला खोचून भातलावणी करायची, झाडावर चढायची. मी गेल्या वर्षी तिच्याकडून नेसायला शिकले. शिवलेली नाही, खरी नऊवारी. पहिल्यांदा चालले तेव्हा माझी पावलं आपोआप लांब पडायला लागली.

देवगडी:
लांब पावलांचं पटलं. पण ती पावलं आजीची, हे तुम्हीच सांगताय. मग शोध स्वतःचा लागला की तिचा?

काष्टा:
तिचा लागला, म्हणून तर माझा लागला.