मदत हवी आहे: फॅन्टसी फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर लागलाय, बेंगल्सचे किती खेळाडू घेऊ?

ओहायोकर (२४ ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे. मेस्सी-रोनाल्डोसाठी आला असाल तर माफ करा.

मी सिनसिनाटीजवळ, म्हणजे बेंगल्स संघाच्या गावाजवळ राहतो. ऑफिसात बारा जणांची फॅन्टसी लीग आहे (खरे खेळाडू निवडून आपापला कागदी संघ करायचा, त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीचे गुण आपल्याला) आणि यंदा चिठ्ठीत माझा पहिला नंबर आलाय. ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याची बैठक, येत्या रविवारी, ३१ तारखेला संध्याकाळी. नेमक्या त्याच दिवशी घरी गौरी येणार. दुसऱ्या दिवशीच्या सोळा भाज्या निवडून देण्याच्या अटीवर दीड तासाची सुट्टी मंजूर झाली आहे. त्यामुळे तिथे बसून विचार करायला वेळ नाही, जे काय ठरवायचं ते आधीच ठरवून जायचंय.

ज्यांनी फक्त ड्रीम११ खेळलंय त्यांच्यासाठी: इथे एक खेळाडू एकाच संघाकडे. मी घेतला की बाकी अकरा जणांना तो वर्षभर मिळत नाही (मी सोडला किंवा अदलाबदल केली तरच). निवडीचा क्रम नागमोडी असतो, म्हणजे पहिल्या फेरीत पहिला असणारा दुसऱ्या फेरीत शेवटी. माझे नंबर १, २४, २५, ४८, ४९ असे पडतात.

गुण: कॅचला १ (फुल पीपीआर), धावून किंवा झेलून मिळवलेल्या १० यार्डांना १, क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) पासिंगला २५ यार्डांमागे १, पासिंग टचडाऊन (फेकलेला चेंडू झेलून शेवटच्या पट्ट्यात पोचणं) ४, बाकी टचडाऊन ६. क्वार्टरबॅक एकच लावायचा. दर आठवड्याला एकास एक लढत, आठवडे १५ ते १७ प्लेऑफ (बाद फेरी).

पहिल्या नंबरला बेंगल्सचा रिसीव्हर (चेंडू झेलणारा) जमार चेस, यात मला शंका नाही. गेल्या वर्षी १२७ कॅच, १,७०८ यार्ड, १७ टचडाऊन. तिन्हींत लीगमध्ये पहिला. प्रश्न त्याच्यानंतरचा. २४ आणि २५ ला टी हिगिन्स (रिसीव्हर), चेस ब्राउन (रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा) आणि जो बरो (क्वार्टरबॅक) यांपैकी दोघे घ्यावेत असं मनात आहे. मॉक (सरावाच्या) ड्राफ्टमध्ये कधी दोघे उरतात, कधी एकच. (घोळ नको म्हणून: खाली 'चेस' म्हणजे जमार आणि 'ब्राउन' म्हणजे चेस ब्राउन. क्लीव्हलंड ब्राउन्सचा याच्याशी संबंध नाही.)

१. हिगिन्स, ब्राउन, बरो यांत क्रम काय लावाल?
२. एकाच संघाचे तिघे घेणं वेडेपणा आहे का? बेंगल्सचा बाय (सुट्टीचा आठवडा) दहाव्या आठवड्यात आहे.
३. टाइट एंडला (अडवणारा आणि झेलणाराही) माइक गेसिकी चालेल का?

---

शून्य_यार्ड

चेस १ ला, बरोबर. पण गेल्या वर्षीचे आकडे जसेच्या तसे पुढे ओढू नका. बरोने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाऊन टाकले, दोन्हींत लीगमध्ये पहिला, आणि तरी संघ ९-८ वर राहून प्लेऑफबाहेर. का? कारण बचाव गळका. वॉशिंग्टनकडून ३८-३३, बाल्टिमोर रेव्हन्सकडून एकदा ४१-३८ आणि एकदा ३५-३४, स्टीलर्सकडून ४४-३८. समोरचा दर वेळी गुण करतोय म्हटल्यावर बरोला शेवटच्या मिनिटापर्यंत फेकतच राहावं लागलं. फॅन्टसीवाल्यांची दिवाळी त्यातूनच झाली.

आता लू अनारुमो गेले आणि नोटर डेमहून अल गोल्डन बचावाचे प्रशिक्षक म्हणून आले. पण माणसं बरीचशी तीच आहेत. गेल्या वर्षी १७.५ सॅक (क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं) करून लीगमध्ये पहिला आलेला ट्रे हेन्ड्रिक्सन पगारावरून अडून बसलाय. बचाव थोडा सुधारेल, एकदम पोलादी होणार नाही. म्हणजे पासिंग भरपूर राहील, टचडाऊन थोडे घसरतील. चेसचे १७ चे १३ झाले तरी तो पहिल्या नंबरला शोभतो, त्याचा पाया १२७ कॅचचा आहे. बरोच्या बाबतीत मात्र ४३ चे ३४ झाले तर तुमच्या हिशोबाने ३६ गुण गेले, आणि तो पायाने ते भरून काढत नाही.

---

टपरीवरचा_पंच

गौरी-गणपतीत माणूस टाइट एंड शोधतोय. कठीण आहे.

---

मनवा_क

पंचांकडे दुर्लक्ष करा. मी तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल बोलते.

तुमच्या नियमांनी ब्राउन: धावून ९९० यार्ड, ५४ कॅच, ३६० यार्ड, एकूण ११ टचडाऊन. बरोबर २५५ गुण (फम्बल सोडून), १६ सामन्यांत. म्हणजे सामन्याला १६ च्या आसपास. पण ही सरासरी फसवी आहे, कारण हंगामाचा पहिला अर्धा भाग तो दुसरा रनिंग बॅक झॅक मॉसबरोबर वाटून खेळला. मॉस मानेच्या दुखापतीने बाहेर गेल्यावर पुढच्याच सामन्यात, रेडर्सविरुद्ध, ब्राउनला २७ वेळा चेंडू दिला आणि त्याने १२० यार्ड काढले. तिथून सगळं काम त्याचंच. ड्राफ्टमध्ये पैसे त्या दुसऱ्या अर्ध्याचे मोजायचे असतात.

धोका एकच दिसतो, तो म्हणजे रनिंग बॅक सॅमजे पेराइन परत आलाय. तो बरोच्या पुढे उभा राहून अडवायला चांगला, त्यामुळे तिसऱ्या डाऊनला (तिसऱ्या प्रयत्नाला, जेव्हा बहुधा फेकतात) ब्राउनला बाहेर बसवलं तर कॅच कमी होतील. फुल पीपीआरमध्ये ते बोचेल.

हिगिन्स: १२ सामन्यांत ७३ कॅच, ९११ यार्ड, १० टचडाऊन. २२४.१ गुण, सामन्याला १८.७! खेळला त्या दिवशी तो दुसऱ्या क्रमांकाचा रिसीव्हर वाटतच नाही. पण पाच सामने बाहेर होता, आधी हॅमस्ट्रिंग, मग मांडीचा पुढचा स्नायू. २०२३ मध्येही १२ च सामने. मात्र लक्षात ठेवा, गेल्या वर्षी सतराव्या आठवड्यात, म्हणजे फॅन्टसीच्या फायनललाच, डेन्व्हरविरुद्ध ११ कॅच, १३१ यार्ड, ३ टचडाऊन. ४२.१ गुण. ज्यांच्याकडे तो होता त्यांचं वर्ष त्या एका सामन्यात वसूल झालं.

माझा क्रम: ब्राउन, हिगिन्स, मग बराच वेळ कोणी नाही, मग बरो. चेस आधीच हातात असताना रनिंग बॅक जास्त गरजेचा.

गेसिकी फक्त शेवटच्या फेऱ्यांत. गेल्या वर्षी त्याचे टचडाऊन एकूण दोन, दोन्ही एकाच सामन्यात (तोच रेडर्सचा, १०० यार्ड), आणि त्या दिवशी हिगिन्स नव्हता. हिगिन्सचा विमा म्हणून ठेवा. रोज लावायचा माणूस तो नव्हे.

---

ओहायोकर

मनवाताई, शून्य_यार्ड, मनापासून आभार. पण बरोबद्दल तुम्ही दोघांनी फारच हात आखडता घेतलात. चेसला टचडाऊन मिळाला की बरोचे चार गुणही माझेच, हा दुहेरी फायदा धरायचा नाही का? शिवाय यंदा चेस आणि हिगिन्स दोघांचे करार मार्चमध्येच झालेत, चेसचे चार वर्षांचे १६ कोटी १० लाख डॉलर, हिगिन्सचे साडेअकरा कोटी. गेल्या वर्षीसारखं करारासाठी सरावाला नुसतं उभं राहणं नाही. हंगामाआधीच्या पहिल्या सराव सामन्यातच प्रशिक्षक झॅक टेलरने बरोला उतरवलं. सुरुवात तरी चांगली होईल ना?

---

शून्य_यार्ड

सुरुवात चांगली होईल, मान्य. दुहेरी फायद्याचं मात्र दोन्ही बाजूंनी बघा.

गेल्या नोव्हेंबरची बाल्टिमोरची गुरुवारची रात्र: चेस ११ कॅच, २६४ यार्ड, ३ टचडाऊन म्हणजे ५५.४. बरो ४२८ यार्ड, ४ टचडाऊन म्हणजे ३३.१. दोघे तुमच्याकडे असते तर ८८.५, बाकी सगळे झोपले तरी जिंकलात. आता त्याच हंगामाचा पहिला आठवडा, घरच्या मैदानावर पेट्रियट्सकडून १६-१० हार. चेस ६ कॅच, ६२ यार्ड: १२.२. बरो १६४ यार्ड, टचडाऊन शून्य: ६.६. दोघांचे मिळून एकोणीससुद्धा नाहीत.

तुमची निवड पहिली, म्हणजे सगळ्यात वरचा खेळाडू तुम्हाला फुकट मिळालाय. तुम्हाला चढउतार वाढवायची गरज नाही. आठव्या-नवव्या नंबरवाल्याने असा जुगार खेळावा. तिघे घेतलेत तर दहाव्या आठवड्यात तर हरलातच, पण ते एक वेळ सोसता येतं. बरो जायबंदी झाला तर काय? २०२० ला गुडघा, २०२३ ला मनगट, दोन्ही वेळा हंगाम संपला. गेल्या वर्षी ४८ वेळा सॅक झाला. यंदा गार्डच्या (बरोपुढे उभं राहून अडवणाऱ्याच्या) जागी डिलन फेअरचाइल्डसारखा नवखा पोरगा आहे. बरो गेला की चेस, हिगिन्स, ब्राउन तिघांची किंमत एका दुपारी खाली येते.

---

नाना_न्यूजर्सी

सगळे आकडेमोडीत रंगलेत. मला एक सांगा, ओहायोकर, तुमच्या लीगमधल्या अकरापैकी किती जण बेंगल्सचे भक्त?

---

ओहायोकर

नाना, एक स्टीलर्सवाला (त्याच्याशी सोमवारी कोणी बोलत नाही) आणि एक जण ज्याला फुटबॉलच कळत नाही. बाकी सगळे नारिंगी-काळे.

---

नाना_न्यूजर्सी

मग ॲपवरचे मॉक विसरा. ते देशभरच्या लोकांचे भाव दाखवतात, तुम्ही कांदा लासलगावात विकत घेताय. मी जायंट्सवाल्यांच्या लीगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. पहिल्या वाईनीनंतर गावचा खेळाडू दीड फेरी आधी जातो. हिगिन्स, ब्राउन, बरो तिघेही २४ च्या आत जातील अशी तयारी ठेवा. कोणी उरला तर घ्या, पण त्याच्यासाठी वर चढू नका.

आता उलट बाजू. सिनसिनाटीत रेव्हन्सचा खेळाडू घ्यायला हात थरथरतात. त्यांचा रनिंग बॅक डेरिक हेन्री पहिल्या फेरीत कोणीतरी घेईलच, १,९२१ यार्ड कोण सोडतो? पण त्यांचा क्वार्टरबॅक लामार जॅक्सन २४ ला उरेल. गेल्या वर्षी लामार: ४,१७२ यार्ड, ४१ टचडाऊन, शिवाय धावून ९१५ यार्ड आणि ४ टचडाऊन. तुमच्या नियमांनी ४४६ (इंटरसेप्शन वगळून). बरोचं त्याच हिशोबाने, धावण्याचे २०१ यार्ड आणि २ टचडाऊन धरून, ४०१. बरोचं सर्वोत्तम वर्ष आणि तरी आठवड्याला अडीच-पावणेतीन गुणांनी मागे. लामारचा बाय सातव्या आठवड्यात, म्हणजे चेसशी टक्कर नाही.

पंधराव्या आठवड्यात, तुमच्या प्लेऑफच्या पहिल्या फेरीत, बेंगल्स-रेव्हन्स सिनसिनाटीतच आहे. एका मैदानावर तुमचा चेस आणि तुमचाच लामार. ऑफिसात शिव्या खाव्या लागतील, तेवढं सोसा.

---

मनवा_क

नानांचं पटलं, फक्त एक पुरवणी. लामारला २४ ला घेतलात तर २५ ला रनिंग बॅक घ्याच. ४८-४९ ला फुल पीपीआरमधले बॅक बघवत नाहीत. कायरेन विल्यम्स उरला तर डोळे झाकून घ्या, गेल्या वर्षी १,२९९ यार्ड आणि धावून १४ टचडाऊन आहेत. कॅच कमी, पण गोल लाइनवर चेंडू त्यालाच.

आणि आंद्रे योशिवसला कोणी विचारलं नाही म्हणून सांगते. ३६ कॅचवर ६ टचडाऊन, तिसरा रिसीव्हर. ड्राफ्टमध्ये घेऊ नका. हिगिन्सचं नाव दुखापतीच्या यादीत दिसलं की त्याच बुधवारी वेव्हरवर (कोणाकडे नसलेल्या खेळाडूंच्या यादीतून) उचला. तुमच्या लीगमध्ये आणखी नऊ जण त्याच वेळी हात घालणार, हेही खरंच म्हणा.

---

ओहायोकर (१ सप्टेंबर)

घरी पूजा आटोपली, भाज्या सोळाच्या सोळा झाल्या, आता वृत्तांत.

नाना, पाय कुठे आहेत तुमचे? मी चेस घेतला तेव्हा टाळ्या पडल्या. ब्राउन तेराव्या नंबरला गेला. बरो सतराव्याला, आणि तो ज्याने घेतला त्याने बरोचीच जर्सी घातली होती. हिगिन्स विसाव्याला. माझ्या पाळीच्या आधीच तिघेही खल्लास.

२४ ला लामार. एक सेकंद शांतता, मग कोणीतरी चिप्सचा अख्खा वाडगा माझ्यासमोरून उचलून नेला. २५ ला कायरेन विल्यम्स. ४८-४९ ला टोनी पोलार्ड आणि डिआंड्रे स्विफ्ट, दोघे रनिंग बॅक. गेसिकी तेराव्या फेरीत, मनवाताईंच्या सांगण्याप्रमाणे विमा म्हणून (हिगिन्स माझ्याकडे नसताना हा विमा कशाचा ते विचारू नका, टाइट एंड संपत आले होते).

आता नवा प्रश्न. जर्सीवाल्याने आज सकाळीच ट्रेड (अदलाबदलीचा प्रस्ताव) पाठवलाय: बरो अधिक पेराइन घे, लामार दे. म्हणतो, "चेस आणि बरो एकत्र असायलाच पाहिजेत, एलएसयूपासूनची (कॉलेजपासूनची) जोडी आहे." काय करू?

---

शून्य_यार्ड

नाही म्हणा. एलएसयूची जोडी २०१९ ला राष्ट्रीय विजेती झाली, त्याचे गुण तुमच्या लीगमध्ये मिळत नाहीत.

---

मनवा_क

पेराइन?? वेव्हरवर फुकट मिळेल तो.

---

नाना_न्यूजर्सी

थेट नाही म्हणू नका, माणूस गरजू आहे. ब्राउन कोणाकडे आहे ते बघा. जर्सीवाल्याने आधी त्याच्याकडून ब्राउन मिळवला आणि पेराइनच्या जागी ठेवला, तर लामारबद्दल बोलू असं कळवा. रविवारी एक वाजता क्लीव्हलंडची मॅच सुरू होईपर्यंत ही बोलणी ताणा. बरोने पहिल्या अर्ध्यात दोन टचडाऊन टाकले की तो स्वतःच ऑफर मागे घेईल, आणि नाही टाकले तर भाव तुम्ही सांगाल.