भौतिकोपचार की फिजिओथेरपी?

शंका : एका वैद्यकीय लेखाच्या भाषांतरात 'फिजिओथेरपी'साठी मी 'भौतिकोपचार' लिहिलं. वाचणाऱ्या दोघांनी हरकत घेतली. एकीला 'भौतिक' म्हटल्यावर भौतिक सुखं आठवतात, तर दुसऱ्याच्या मते सरळ 'मालीश आणि व्यायाम' लिहावं. शब्द मुळातच चुकलाय का?

उत्तर : अजिबात नाही. मला तर हा फार नेमका जमलेला शब्द वाटतो.

'फिजिओ' आलं ग्रीक 'फ्युसिस'वरून. त्याचा अर्थ निसर्ग, प्रकृती, आणि त्यामागचा धातू 'उगवणं, वाढणं' असा. आपल्या 'भू' या संस्कृत धातूचं आणि त्याचं मूळ एकच आहे. 'भू'पासून 'भूत' आणि त्यापासून 'भौतिक'. म्हणजे 'फिजिओ' आणि 'भौतिक' ही एकाच घरातली दूरची भावंडं. आता 'थेरपी' घ्या. ग्रीक 'थेरापेया' म्हणजे सेवा, शुश्रूषा. 'उपचार'ही तसाच, 'उप + चर्', जवळ जाऊन सेवा करणं. पूजेतले षोडशोपचार हे औषधाचे नव्हेत, सेवेचेच. शब्द घडवणाऱ्याने हे सगळं योजून केलं असेल-नसेल, पण दोन्ही भाग इतके जुळून येणं हे विरळाच. 'भौतिक'ला आज चैनीचा वास येतो हे खरं, पण 'भौतिकशास्त्र' म्हणताना तो कुणाला येत नाही.

'मालीश' मात्र लिहू नका. या व्यवसायाने तो शब्द फार कष्टाने मागे टाकलाय. १८९४ साली लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालत असल्याचा बोभाटा झाला. खरं काम करणाऱ्या परिचारिकांची त्यात नाहक बदनामी होत होती. त्यांच्यातल्या चौघींनी त्याच वर्षी 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मासूझेस' स्थापन केली आणि डॉक्टरांच्या सूचनेशिवाय मसाज करायचा नाही, असा कडक नियम स्वतःवरच घालून घेतला. १९२० मध्ये राजसनद मिळाली तेव्हा नावात 'मसाज अँड मेडिकल जिम्नॅस्टिक्स' होतं. 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' हे नाव आलं १९४४ मध्ये. एक शब्द बदलायला पन्नास वर्षं गेली! त्या चौघींबद्दल मला मनापासून आदर वाटतो, म्हणून हा आग्रह.

'व्यायाम' या अर्थाला मात्र जुना आधार आहे. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामविद्येची संस्था काढली. तिथे शिकलेल्यांना स्वीडिश भाषेत जे म्हणत त्याचा शब्दशः अर्थ 'आजाऱ्यांचा व्यायामतज्ज्ञ'. स्वीडनमध्ये त्यांची सरकारी नोंदणी १८८७ मध्येच सुरू झाली, पण 'फिजिओथेरपिस्ट' हे अधिकृत पदनाम तिथे आलं थेट २०१४ मध्ये. फ्रेंचांनी मात्र हालचालीचा धागा सोडला नाही. त्यांचा 'किनेझीथेरापी' हा शब्द 'गती'वरूनच आलाय. खरं सांगायचं तर 'भौतिकोपचार'मध्ये मला हीच एक उणीव जाणवते. शेक, पाणी, वीज, प्रकाश हे सगळे 'भौतिक'मध्ये नीट बसतात. पण रुग्णाने स्वतः हात उचलणं, पाऊल टाकणं हे या उपचारातलं मुख्य काम, आणि ते शब्दात ऐकू येत नाही. तरी त्यासाठी 'व्यायामोपचार' करू नका. तो यातला एक भाग झाला, सगळा व्यवसाय नव्हे.

लेखात पहिल्यांदा 'भौतिकोपचार (फिजिओथेरपी)' असं लिहा आणि पुढे एकच शब्द ठेवा. संवाद असेल तर 'फिजिओथेरपी'च. 'त्यांचे भौतिकोपचार चालू आहेत' असं घरात कुणी बोलत नाही.

पुन्हा शंका : 'फिजिकल थेरपी' वेगळी असते का? आणि 'फिजिअ‍ॅट्रिस्ट'?

उत्तर : पहिला शब्द अमेरिकेतला, व्यवसाय तोच. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या नावात 'फिजिकल थेरपी' होतं, आता तो 'वर्ल्ड फिजिओथेरपी' म्हणून ओळखला जातो. 'फिजिअ‍ॅट्रिस्ट' मात्र वेगळा. तो पुनर्वसनशास्त्रातला डॉक्टर, औषधं लिहून देणारा. त्याला 'भौतिकोपचारतज्ज्ञ' म्हटलंत तर दोघांचीही ओळख चुकेल. 'पुनर्वसनवैद्यक तज्ज्ञ' लिहा.