निळूभाऊंची नक्कल सगळ्यांना येते, भूमिका का येत नाही?

तिसरी_घंटा

पस्तीस मिनिटांच्या एकांकिकेत साखर कारखान्याच्या चेअरमनची भूमिका आहे. संहितेत तो एकदाही ओरडत नाही. पण वाचनाला ज्याला बसवावं तो दुसऱ्याच वाक्याला मान तिरकी करतो, डोळे बारीक करतो, घोगरा आवाज लावतो आणि सगळे हसतात. म्हणजे निळू फुले. म्हणजे खरं तर निळू फुल्यांची नक्कल करणाऱ्यांची नक्कल.

मला हवंय ते असं. त्यांचं कुठलं काम कुठल्या क्रमाने बघावं आणि बघताना नेमकं कुठे लक्ष ठेवावं? रंगमंचावरचे निळूभाऊ आणि पडद्यावरचे निळूभाऊ यांत फरक काय? आणि आवाजाचं काय करायचं, कारण दोन तालमींत नटाचा घसा बसतोय.

'चेहराच तसा होता, आपण काय करणार' हे उत्तर कृपया नको.

बतावणी

सुरुवात खलनायकापासून करू नका, तिथेच गाडी चुकते. निळूभाऊ आधी विनोदी नट. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मग लोकनाट्य, त्यात 'कथा अकलेच्या कांद्याची' गाजलं, आणि त्यानंतर अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' चित्रपटात (१९६८) झेलेअण्णा. तोवर ते चाळिशीच्या उंबऱ्यावर आले होते. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करून कलापथकात कामं करणारा हा माणूस. देखणा चेहरा घेऊन विशीत आलेल्या नटाची वाट वेगळी, ही वेगळी.

लोकनाट्याचा इथे संबंध काय? वगात, म्हणजे लोकनाट्यातल्या कथाभागात, संहिता अर्धी कागदावर, अर्धी समोरच्या माणसाच्या तोंडात. सोंगाड्याने प्रश्न टाकला की उत्तर त्याच श्वासात गेलं पाहिजे, नाहीतर हशा पडायच्या आधीच वाक्य मरतं. उलट हशा चालू असताना पुढचं वाक्य टाकलं तर तेही वाया. थांबायचं कुठे आणि किती, हे अंगात मुरतं ते तिथे. पडद्यावर त्यांनी तीच जागा वापरली, फक्त हशाच्या जागी धमकी ठेवली. समोरचा हसायच्या तयारीत असतो आणि त्याला कळतं की हे हसण्यासारखं नव्हतं. नक्कल करणारा ही जागाच खाऊन टाकतो, कारण त्याला हशा लगेच हवा असतो.

क्रम: 'सामना', मग 'सिंहासन', मग 'एक गाव बारा भानगडी', शेवटी 'सारांश'. काळाप्रमाणे लावू नका. 'सामना' आधी बघितल्याशिवाय झेलेअण्णा नीट दिसत नाही.

'सामना' दोनदा बघायचा. पहिल्यांदा आवाज बंद करून, सुरुवातीची चाळीस मिनिटं. कागदावर फक्त एवढंच टिपा: डॉ. लागूंचा मास्तर बोलत असताना निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील कुठे बघतोय आणि हात कुठे आहेत. दुसऱ्यांदा आवाज लावून, पण मास्तरच्या वाक्यांकडे दुर्लक्ष करून. पटकथाकार विजय तेंडुलकरांनी हिंदुरावाला दुष्ट लिहिलेलाच नाही, यजमान लिहिलाय. मास्तरला घरी ठेवून घेतो, दारूचीही सोय करतो, त्याच्याबद्दल त्याला खरंच कुतूहल आहे. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा गायब झालेल्या माणसाबद्दलचा प्रश्न येतो तेव्हा त्या आदरातिथ्याला तडा जातो. तुमच्या नटाने पहिल्या प्रवेशापासून डोळे बारीक केले तर तडा जायला काही उरतच नाही.

खर्ज_साधना

आवाजाबद्दल. घसा बसतोय म्हणजे नट घसा आवळून घोगरेपणा तयार करतोय. स्वरतंतू एकमेकांवर घासले जातात, दहा मिनिटांत खाकरावंसं वाटतं, खाकरलं की आणखी सूज. हे तालमीत ताबडतोब बंद करा. खाकरायची इच्छा झाली की पाणी प्यायचं आणि थांबायचं.

त्याऐवजी असं करा. नटाचा रोजच्या बोलण्याचा स्वर पेटीवर शोधा. भूमिकेसाठी त्याच्या फार तर दोन स्वर खाली जा, तीन नाही. तिसऱ्याला शब्दांचे शेवट ऐकू येईनासे होतात आणि ते भरून काढायला तो पुन्हा घसा आवळतो. छातीवर हात ठेवून वाक्य म्हणायचं, हाताला कंप लागला पाहिजे.

दुसरा भाग गतीचा. एक परिच्छेद तो एका मिनिटात वाचत असेल तर तोच दीड मिनिटात वाचायला सांगा, मात्र शब्द न ताणता. वेळ वाढवायचा तो शब्दांमधल्या जागेत. निळूभाऊंचं बोलणं संथ वाटतं ते याच जागांमुळे. ते एखादाच स्वर लांबवतात, बहुतेकदा हाक मारताना. नक्कल करणारे प्रत्येक शब्द रबरासारखा ओढतात. संहितेत प्रत्येक वाक्यात ताणायचा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. एकापेक्षा जास्त झाले तर खोडा. काही वाक्यांत एकही नको.

नाकातला सूर मुद्दाम लावू नका. तो त्यांचा स्वतःचा होता, तुमच्या नटाचा नाही.

प्रॉम्प्टर

बतावणी यांचं बहुतेक पटलं, पण पडद्यावरूनच सगळं शिकायला निघालात तर अर्धं राहील. तुमचं काम रंगमंचावरचं आहे.

तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकाची (१९७२, दिग्दर्शन कमलाकर सारंग, सखाराम निळूभाऊ, चंपाच्या भूमिकेत लालन सारंग) संहिता घेऊन बसा. सेन्सॉर, बंदी आणि कोर्ट हा इतिहास बाजूला ठेवा, इथे कामाचा नाही. पहिलाच प्रवेश बघा: सखाराम लक्ष्मीला घरात आणतो आणि घराचे नियम सांगतो. लांबच लांब बोलणं, समोरची बाई जवळजवळ गप्प. नटाला इथे दोनच गोष्टी वाचवतात, घरातली कामं आणि श्वास. नियम सांगताना हाताला काम नसेल तर ते भाषण होतं. काम असेल तर ते त्याचं घर वाटतं. तुमच्या चेअरमनलाही असंच एखादं बारीक काम द्या: अडकित्ता, चष्मा पुसणं, सहीचे कागद. एकच. दोन दिली की सर्कस.

आणि शेवट बघा. चंपाचा खून केल्यावर सखाराम गोठतो, आणि सूत्रं लक्ष्मी हातात घेते. सगळं नाटक ज्याच्या आवाजावर चाललंय त्याने शेवटी रिकामं व्हायचं. हे ज्याला जमतं त्याच्या चेहऱ्याबद्दल 'खलनायकी' हा शब्द अपुरा आहे.

त्याच माणसाने जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये अप्पाजी केले: म्हातारे स्वातंत्र्यसैनिक, मुलगा मुख्यमंत्री, आणि त्याच मुलाच्या राजवटीविरुद्ध उभा राहिलेला बाप. चेहरा तोच, जड पापण्या त्याच. फरक फक्त कुणाकडून काही मागण्याचा. सखाराम आणि हिंदुराव समोरच्याकडून सतत काहीतरी वसूल करत असतात, अप्पाजींना कुणाकडून काही नको. भूमिका बसवताना नटाला 'तू वाईट आहेस' असं सांगू नका, 'या प्रवेशात तुला यांच्याकडून काय हवंय' एवढंच विचारा.

मोठ्या सभागृहात पापणीची हालचाल मागच्या रांगेला दिसत नाही. 'सामना'त नुसती नजर वळवून जे होतं, त्यासाठी रंगमंचावर अख्खी मान वळवावी लागते, आणि वाक्य संपल्यावर, मध्ये नाही. मध्ये वळवली की प्रेक्षक शब्द हरवतो.

बतावणी

मान आणि वाक्याबद्दल मान्य. 'सिंहासन' मी मुद्दाम दुसरा ठेवला तो यासाठीच. त्यातला निळूभाऊंचा दिगू टिपणीस पत्रकार आहे, धोतर नाही, वाडा नाही, हातात सत्ता नाही. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, लागूंचा अर्थमंत्री, दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा हे सगळे बोलतात, दिगू ऐकतो. ऐकण्याची भूमिका. शेवटचं ते हसू अंगावर येतं, कारण तोपर्यंत त्याने काहीच सांडलेलं नसतं.

काळी_टोपी

दोघेही चांगल्या चार कामांवर बोलताय. त्या चारांभोवती पाटील, सरपंच, सावकार यांचा जो ढीग आहे त्याचं काय? चेहऱ्याने त्यांना काम दिलं आणि चेहऱ्यानेच अडकवलं, हे कबूल करायला हरकत नसावी. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात ग्रामीण चित्रपटात वाईट माणूस हवा असला की हेच नाव. त्यातल्या निम्म्या भूमिका न बघितल्याने तुमचं काहीही बिघडणार नाही. त्यात पटकथेनेच आधी सांगून टाकलेलं असतं की हा वाईट, मग नटाला करण्यासारखं थोडंच उरतं.

तरी 'सारांश' (१९८४) मधला गजानन चित्रे बघाच. मुंबईतला पुढारी, मुलाने केलेलं निस्तरायला निघालेला. गावचा पाटील शहरात आणला की काय बदलतं ते तिथे दिसतं.

आणि ज्यांना ते फक्त पाटील वाटतात त्यांच्यासाठी: सामाजिक कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे जे प्रयोग झाले त्यांत लागूंबरोबर तेही होते. निखळ विनोदी नाटक.

तिसरी_घंटा

भरपूर मिळालं. हातातलं एक काम आणि पेन्सिलीची खूण या दोन गोष्टी उद्यापासूनच. एक शेवटचं: नट शहरातला आहे, धोतर नेसून तो चालतो तेव्हा दर चार पावलांनी खाली बघतो. त्यामुळे सगळा दरारा जातो.

प्रॉम्प्टर

तालमीला पहिल्या दिवसापासून धोतर. रंगीत तालमीला पहिल्यांदा नेसवलं तर हेच होणार. साधारण साडेचार मीटरचं सुती घ्या, दोनदा धुऊन, कोरं धोतर फुगतं आणि पायात येतं. निऱ्यांची टोकं घोट्याच्या वर चार बोटं. कमरेला आतून नाडी बांधून त्यावर काष्टा खोचा, म्हणजे सुटायची धास्ती जाते; खाली बघणं धास्तीमुळे आहे. पहिले आठ दिवस त्याला संवाद न देता नुसतं खुर्चीवर बसायला आणि उठायला लावा. बसताना सोगा उजव्या हाताने एकदाच सावरायचा. दोनदा सावरला की माणूस चेअरमन न राहता नवरदेव होतो.

मेकअपवाल्याला आधीच सांगा: चेहरा काळवंडायचा नाही, जाड मिशी चिकटवायची नाही. नटाचा आहे तोच चेहरा ठेवा.